जॉनीचे गाणे : हास्यापासून करुणापर्यंत

आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात अथाय नावाचे बाजाराचे एक गाव आहे. त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर झालेली एक भेट एका गीतात वर्णिली आहे. आणि ज्या लोकांनी आयर्लंडचा नकाशा कधी उघडून पाहिला नसेल, त्यांनाही त्या गीतामुळे या गावाचे नाव माहीत झाले आहे. 'जॉनी, आय हार्डली न्यू यी' हे त्या गीताचे नाव. 'जॉनी, तुला मी ओळखलेसुद्धा नाही रे' असा त्याचा भाव मराठीत सांगता येईल. इंग्रजी जाणणाऱ्या जगात युद्धावरून परतलेल्या दुर्दैवी शिपायाची जी गीते आजवर गायिली गेली, त्यांत याचे स्थान फार वरचे मानतात. आम्हांस मात्र त्या गीताच्या थोरवीपेक्षा त्याच्या श्रोत्यांचा इतिहास अधिक उद्बोधक वाटतो. आणि या लेखात आम्ही मुख्यतः त्याचाच विचार करणार आहो.

प्रथम गीताचे कथानक. कोणी एक वाटसरू हाती काठी घेऊन अथायच्या वाटेने चालला आहे. त्याच्या कानी एका बाईचे बोलणे पडते. तेथून पुढे सारे गीत त्या बाईच्या तोंडी आहे. तिला आणि तान्ह्या मुलाला टाकून जॉनी पलटणीत गेला होता. तो आता 'सुलून' बेटावरून, म्हणजे सिंहलद्वीपातून, परत आला आहे. आणि ती त्याला विचारीत आहे. तुझे ते डोळे कोठे गेले? ज्या पायांनी तू पळत असस, ते पाय कोठे गेले? मधून मधून नगारे आणि तोफा यांचा गजर करणारे पालुपद येते आणि पुन्हा प्रश्न सुरू होतात. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. आता याला भिक्षेचा कटोरा देऊन कोठे तरी बसविणे एवढेच उरले. इतके सगळे म्हणून झाल्यावर ती त्याला सांगते की, तू घरी आलास याचा मला आनंदच आहे.

आपल्या शाहिरी वाङ्मयाशी परिचय असलेल्या वाचकास या रचनेचे वर्म लगेच ध्यानी येईल. लावणीतील नखशिखान्त वर्णनाची ही उलटी प्रत आहे. शाहीर डोळे, नाक, दंड, कंबर, पाऊल असे एकेक वर्णन करीत जातो आणि ऐकणारा मनाशी मूर्ती जुळवीत जातो. येथे बाई एकेका अवयवाचे नाव घेते आणि मूर्तीचा एकेक तुकडा गळून पडतो. शेवटी समोर उभा कोण आहे, हे ओळखण्यापुरतेही काही शिल्लक राहत नाही. गीताचे नाव वाचताना जे लाडिक वाटते, ते गीत संपताना अक्षरशः खरे ठरते.

आता इतिहासाकडे वळू. हे गीत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे, कदाचित त्याहूनही जुने, असे पुष्कळ काळ समजले जात होते. अशी समजूत होण्यास आधार दिसत होता. इंग्रजांनी सिंहलद्वीपात कँडीच्या राजाशी १८०३ मध्ये युद्ध केले, १८१५ मध्ये ते राज्य घेतले, आणि १८१७-१८ मध्ये तेथील उठाव मोडला. त्या काळी आयरिश शिपाई त्या बेटावर होते. तेव्हा अथायच्या कोणा अनामिक आयरिश स्त्रीने, किंवा तिच्या दुःखाने हेलावलेल्या कोणा गावकवीने, इंग्रजांच्या सैन्यभरतीचा निषेध म्हणून हे रचिले असावे, असे संग्रहकार लिहीत आणि गायक सांगत. गीतास एक वंशावळही मिळाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धात 'व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम' हे विजयी जॉनीच्या स्वागताचे गीत १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता पॅट्रिक गिलमोर हा बँडमास्तर मूळचा आयर्लंडमधील गॉलवेचा. त्याने ते 'लुई लँबर्ट' या टोपण नावाने छापिले. दोन्ही गीतांची आज रूढ असलेली चाल एकच. म्हणून जुन्या आयरिश शोकगीताचा अमेरिकेत जाऊन जयघोष झाला, असा सरळ निष्कर्ष काढण्यात आला.

ही वंशावळ उलटी आहे. जोनाथन लाइटर या अमेरिकन अभ्यासकाने २०१२ मध्ये या विषयावर जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यातून असे निष्पन्न झाले की, हे गीत १८६७ मध्ये लंडन येथे छापले गेले, आणि त्याचा कर्ता जोसेफ गेगन हा आहे. गेगन आडनावाने आयरिश असला तरी त्याचा व्यवसाय इंग्लंडातला. लँकेशायरच्या गिरणगावांतील ज्या करमणूकगृहांना तेथे 'म्यूझिक हॉल' म्हणत, त्यांच्या जगात तो वावरला. त्याने गीतांचे ढीग रचिले आणि अशी गृहे चालविली. म्हणजे अमेरिकन जयगीत आधीचे, आणि आयरिश म्हणविणारे गीत त्याच्या चार वर्षे नंतरचे. बोलीचा पुरावाही तेच सांगतो. बाई जॉनीला 'पळून का गेलास' असे विचारते, तेथे 'स्किडॅडल' हा शब्द वापरते. हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ च्या सुमारास, शिपायांच्या तोंडून प्रचारात आला. कँडीच्या युद्धातील शिपायाची बायको तो उच्चारू शकत नव्हती. भाषेचा अध्यापक ज्या पुराव्यावर अधिक भरवसा ठेवील असा हा पुरावा आहे. एक शब्द ग्रंथभर तर्कांस भारी पडतो तो असा.

यात सर्वांत अवघड गोष्ट पुढेच आहे. १८६७ मध्ये हे गीत हसविण्यासाठी लिहिले गेले आणि श्रोते ते ऐकून हसत.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. ज्या गीताने लोकांचे डोळे पाणावले ते लोकांच्या जिभेवरची साक्ष म्हणून पाणावले. जुने आहे, अनामिक आहे, भोगणाऱ्याच्या घरातून आलेले आहे, ही भावना त्या अश्रूंत मिसळलेली होती. आता ते तिकीट काढून आलेल्या गर्दीसाठी एका धंदेवाईक विनोदकाराने रचिले होते, असे कळले तर त्या अश्रूंचे काय करावयाचे? हा प्रश्न आम्हा शिक्षकांस टाळता येत नाही. आपण वर्गात लोकगीतांस इतिहासाचे साधन म्हणून पुढे करितो. जात्यावरची ओवी आणि पोवाडा हातात धरून, दरबारी कागदांत जे नाही ते येथे आहे, असे विद्यार्थ्यांस सांगतो. साधनच खोटे निघाले तर त्यावर उभारलेले सारे खोटे, असे म्हणून कोणी हे गीत टाकून देईल. दुसरा कोणी, संशोधकांनी रसाचा भंग केला म्हणून, संशोधनच टाकून देईल. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत.

तेव्हाचे श्रोते का हसले, हे आधी पाहिले पाहिजे. भरताने नाट्यशास्त्रात हास्यरसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत वेष, असंबद्ध बडबड यांच्या जोडीला व्यंगदर्शनही गणले आहे. करुणाच्या विभावांत इष्टजनांचा वियोग, विनाश आणि संकटे येतात. म्हणजे तुटका देह हा एकाच वेळी दोन्ही रसांच्या उंबरठ्यावर उभा असतो. आत कोणत्या दाराने जावयाचे हे त्या देहाकडे पाहणाऱ्याने त्याला आपला मानले की नाही यावर ठरते. गेगनच्या प्रेक्षकांस जॉनी आपला वाटत नव्हता. रंगभूमीवरील आयरिश माणूस म्हणजे दारुडा, भांडखोर, तोंडाळ, असा एक ठसा इंग्लंडात तयार झालेला होता. त्यात १८६७ हे वर्ष आयर्लंडातील फेनियनांच्या उठावाचे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सॅलफर्डच्या तुरुंगाबाहेर तिघां आयरिश तरुणांस जाहीर फाशी देण्यात आले. अशा हवेत त्या परिसरातील करमणूकगृहात हातपाय गमावलेला आयरिश शिपाई आणि त्याला टाकून बोलणारी बाई रंगमंचावर आली, तर लोक काय करणार? हीच गर्दी बहुधा आयरिश मजुरांचीही असे, आणि तेही हसत असतील. गरिबांस स्वतःच्या हालांवर हसण्याची सवय असते. ते हसणे आणि वरून पाहणाऱ्याचे हसणे एकाच दालनात एकमेकांत मिसळते आणि कानाला वेगळे ओळखू येत नाही.

शिवाय असा शिपाई रस्त्यावर नेहमी दिसे. नेपोलियनच्या युद्धांनंतर काम सुटलेले हजारो शिपाई इंग्लंडच्या वाटांवर आले, आणि १८२४ मध्ये भटक्यांविरुद्धचा जो कायदा झाला त्यात, आपल्या जखमा किंवा व्यंगे उघडी करून भीक मागणाऱ्यास दंडनीय ठरविण्यात आले. १८६७ मध्ये तो कायदा चालूच होता. राणी व्हिक्टोरियाने १८५५ मध्ये क्रिमियाहून आलेल्या जखमी शिपायांची चॅटहॅम येथे भेट घेतली, याचे कौतुक वृत्तपत्रांनी केले; पण राणीच्या भेटीचा शिपाई निराळा आणि चौकातला निराळा. गीतातला कटोरा हा कविकल्पनेचा अलंकार नव्हता.

आमच्या शाळेत वरच्या वर्गास हे गीत आम्ही दोनदा शिकविले. प्रथम नुसते शब्द वाचून अर्थ सांगितला. गीतात जॉनीच्या उरलेल्या देहास अंड्याची एक विक्षिप्त उपमा दिली आहे. तेथे मुले खुदकन हसली. म्हणजे दीडशे वर्षांनी आणि हजारो कोसांवर गेगनचा विनोद अजून चालतो! नंतर गायिलेले ऐकविले, तेव्हा कोणी हसले नाही. तास संपताना एका मुलाने, ज्याच्या घरी दोन पिढ्या पलटणीत आहेत, विचारले, "सर, त्याला पेन्शन नव्हती का?" आम्हांस वाटते, या गीतावर इतका नेमका प्रश्न आमच्या वाचनात आलेला नाही. पेन्शनची व्यवस्था होती. डब्लिनचे किलमेनहॅम येथील सैनिकांचे रुग्णालय सतराव्या शतकातले, लंडनच्या चेल्सी रुग्णालयाहूनही थोडे आधीचे. निरुपयोगी झालेल्या शिपायांस त्यांच्यामार्फत आश्रय किंवा रोजचे काही पेन्स मिळत. पण नोकरी किती झाली, जखम कशी झाली, वर्तणुकीचा दाखला कसा आहे, यावर ते सारे अवलंबून असे, आणि पुष्कळांच्या हाती पोट भरेल इतके पडत नसे. आपल्या सभासदाने अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमींस जखम पाहून होन वाटल्याचे आणि पडलेल्यांच्या मुलाबाळांची व्यवस्था लावल्याचे नोंदले आहे, ते आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या साम्राज्यास हे का जमू नये, असा त्यांचा सूर होता. आम्ही त्यांस इतकेच सांगितले की, राज्य मोठे झाले म्हणजे शिपाई स्वस्त होतो.

या शिपायाचा आपल्या प्रदेशाशीही संबंध आहे, आणि तो कल्पनेने जोडलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैन्यात आयरिश शिपायांचे प्रमाण फार मोठे होते. आयर्लंडच्या दारिद्र्याने ती भरती चालू ठेविली. मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आले तेव्हा जे सैन्य तेथे पाठविले गेले, त्यातून कंपनीची मुंबईची गोरी पलटण उभी राहिली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेसमोर जी इंग्रजी फौज उभी होती तीत ही पलटण होती. १८५७ नंतर कंपनीचे सैन्य राणीच्या सैन्यात विलीन झाले. पुढे १८८१ मध्ये ही मुंबईची पलटण आणि मद्रासची तशीच एक पलटण एकत्र करून त्यांस नाव दिले 'रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स'. तिचे ठाणे किल्डेअर परगण्यातील नास येथे, म्हणजे अथायच्याच परगण्यात; आणि तिच्या युद्धसन्मानांच्या यादीत 'खडकी' हे नाव कायम राहिले. जॉनी कल्पित असला तरी त्याची वाट आणि त्याचा गणवेश खरा आहे. गीतातले सुलून बेट गेगनने बहुधा नादासाठी निवडले असेल. परंतु पूर्वेकडून असा परतलेला माणूस किल्डेअरच्या वाटेवर दिसणे मुळीच अशक्य नव्हते. १८५५ पासून तर त्याच परगण्यात करा येथे मोठी लष्करी छावणी होती.

हीच डब्लिन पलटण पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीस गेली. २५ एप्रिल १९१५ रोजी तिची पहिली तुकडी किनाऱ्यावर उतरताना बहुतांशी कापली गेली. ऑगस्टमध्ये सहावी व सातवी तुकडी सुव्हला येथे उतरली. त्या वेळी डब्लिनमध्ये लोकांनी या तरुणांस गाजतवाजत निरोप दिला होता. मग एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्येच इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्याच्या पुढाऱ्यांस गोळ्या घालण्यात आल्या, आणि लोकमत पालटले. १९१८ नंतर जे शिपाई परत आले, त्यांनी आपला देश ओळखला नाही आणि देशानेही त्यांस ओळखले नाही. सुमारे दोन लाख आयरिश लोक त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढले होते. ज्यांस जाताना शूर म्हटले गेले, त्यांस येताना परक्याचे चाकर म्हटले गेले. जून १९२२ मध्ये या पलटणीने व इतर दक्षिण आयरिश पलटणींनी आपली निशाणे विंडसर येथे राजाच्या स्वाधीन केली आणि त्या बरखास्त झाल्या. डब्लिनच्या किलेस्टर भागात माजी शिपायांसाठी वेगळी वसाहत बांधावी लागली.

आमच्या बेळगावास १९२२ हे साल निराळ्या कारणाने आठवते. मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र तेव्हापासून येथे आहे. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक त्याआधी मेसोपोटेमियात गेले होते. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य तुर्कांच्या स्वाधीन झाले. तेथून कैद भोगून जे परतले, त्यांस आपल्याकडे गावाने दूर लोटले नाही. पण त्यांच्या हालांचे गीतही कोणी रचिले नाही, निदान आमच्या कानी आलेले नाही. पोवाडा पडलेल्या वीराचा होतो, जिंकून आलेल्याचा होतो. अर्धा परत आलेल्याचा होत नाही. या दृष्टीने पाहता गेगनने थट्टेने का होईना, जी जागा रिकामी होती तेथे माणूस उभा केला.

या सर्व काळात जॉनीचे गीत पुस्तकांत आणि गायकांच्या तोंडी होतेच. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका येथे बऱ्यापैकी लोकप्रिय होते. परंतु त्यास आजचे रूप आले ते १९६१ मध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम यांनी ते ध्वनिमुद्रित केल्यावर. हे आयरिश गायक न्यूयॉर्कमध्ये राहून गात होते. पुढच्या चारपाच वर्षांत अमेरिकेचे तरुण व्हिएतनामला जाऊ लागले. आता ऐकणाऱ्यांच्या घरचा मुलगा वाटेवर होता. जॉनी आपला झाला आणि हास्याचे दार बंद झाले.

दार बंद होण्यास आणखी एक गोष्ट कारण झाली, आणि ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. गेगनच्या छापील प्रतीत या गीतास दुसरीच चाल होती. पुढे कधीतरी त्यास गिलमोरच्या जयगीताची चाल लागली. ही चाल मूळची संचलनाची. तिच्यात बँड आहे, गावचे लोक दुतर्फा उभे आहेत, घंटा वाजत आहेत. अमेरिकेत ती शाळकरी मुलांनाही पाठ असते. ती चाल कानी पडली की ऐकणाऱ्याच्या मनात स्वागताची तयारी आपोआप सुरू होते, आणि तेवढ्यात शब्द सांगतात की येणाऱ्यास पायच नाहीत. एक गीत शब्दांत आणि दुसरे चालीत, अशी दोन गीते एकाच वेळी ऐकू येतात, आणि त्या दोहोंमधल्या फटीत करुण उत्पन्न होतो. हे कोणी योजलेले नव्हते. गेगनला ते सुचले नव्हते, गिलमोरला तर सुचणे शक्यच नव्हते. गाणाऱ्यांच्या परंपरेने ते घडविले. म्हणून हे गीत लोकगीत नव्हे असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर असे की, ते जन्मले तेव्हा लोकगीत नव्हते, नंतर झाले. आपल्या कित्येक ओव्यांचाही मूळ कर्ता कोणी तरी एक असलाच पाहिजे. जात्यावर पिढ्यान् पिढ्या फिरल्यावर त्याचे नाव पिठात गेले, इतकेच.

भाव पालटल्याची एक खूण मोठी बोलकी आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हे आयरिश वंशाचे, स्वतः दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले. जून १९६३ मध्ये ते आयर्लंडला जाऊन आले आणि नोव्हेंबरात त्यांचा खून झाला. त्यांचे निकटचे सहकारी केनेथ ओ'डॉनेल आणि डेव्हिड पॉवर्स यांनी त्यांच्या आठवणींचे जे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यास या गीताचेच नाव थोडे बदलून दिले. जे वाक्य एके काळी भिकारी शिपायाच्या चेष्टेचे होते, ते एका मृत राष्ट्राध्यक्षाच्या शोकाचे झाले, आणि त्यात कोणास काही वावगे वाटले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या पाठांत शेवटी एक कडवे जोडलेले आढळते. तोफा पुन्हा निघाल्या आहेत, पण आता आमची मुले त्यांना मिळणार नाहीत, अशा अर्थाची त्यात प्रतिज्ञा आहे. सभांत हे कडवे फार जोराने म्हटले जाते आणि टाळ्याही तेथेच पडतात. आमचे मत येथे बहुसंख्यांहून भिन्न आहे. त्या कडव्याने गीत मोठे होते, असे आम्हांस वाटत नाही. ते येताच बाई बोलावयाची थांबते आणि सभा बोलू लागते. आणि जॉनी, जो इतका वेळ आपल्यासमोर बसलेला होता, एकदम मागे पडून एका मताचा दाखला होतो. मत योग्य आहे. पण दाखला होणे हेच त्याच्या नशिबी आधीपासून होते. भरती करणाऱ्या सार्जंटानेही त्याला निराळ्या मताचा दाखला केले होते. गेगनच्या मूळ पाठात बाई त्याला ठेवून घेते. तिने त्याला शिव्या दिल्या आहेत, थट्टा केली आहे, कटोऱ्याची वाट दाखविली आहे. तरी तू आलास हे बरे झाले, असे ती म्हणते. करमणूकगृहातल्या लोकांनी ते हशाचा कळस म्हणून ऐकले असेल. आज आपण ते ऐकतो तेव्हा आपला कंठ दाटतो तो याच ठिकाणी, कारण त्याला ओळखणारी तीच एक उरली आहे.

एरिक बोगल या स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या गीतकाराने १९७१ मध्ये गॅलिपोलीत पाय गमावलेल्या शिपायाचे गीत लिहिले, त्याच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. 'अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा' हे ते गीत. लियम क्लॅन्सी आणि टॉमी मेकम यांनी पुढे तेही गायिले. बोगलने प्रथमपासून करुणच योजिला. त्याचा शिपाई स्वतः बोलतो, आणि बंदरावर उतरताना आपली वाट पाहणारे कोणी नाही याचे त्याला हायसे वाटते. तेही गीत हल्ली पुष्कळांस पारंपरिक वाटते. त्यात ऑस्ट्रेलियन शिपाई सुव्हलाच्या किनाऱ्यावर कापले जातात. इतिहासात त्यांचे मुख्य सैन्य अन्झॅकच्या किनाऱ्यावर होते आणि सुव्हलाच्या वाळूत पडलेल्यांत डब्लिनची ती सहावी आणि सातवी तुकडी होती. गीतांनी आयरिशांचे मरण ऑस्ट्रेलियनांस दिले आणि इंग्लंडातले हसणे आयरिशांचे रडणे म्हणून दिले. इतिहासाच्या शिक्षकाने हे सांगितले पाहिजे. ते सांगितल्याने गीत ऐकताना आमच्या वर्गाचा गळा दाटून यावयाचा राहिला नाही, हा आमचा अनुभव आहे.

डब्लिनच्या पश्चिमेस आयलंडब्रिज येथे लिफी नदीकाठी त्या युद्धातील आयरिश शिपायांचे स्मारकोद्यान आहे. नवी दिल्ली उभारणाऱ्या लट्यन्सनेच ते आखिले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी काम होत आले, पण समारंभाने उघडणे लांबले आणि नंतर पुष्कळ वर्षे तेथे गवत माजले. १९८८ मध्ये ते दुरुस्त करून रीतसर अर्पण झाले. मे २०११ मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ आणि आयर्लंडच्या अध्यक्षा मेरी मॅकअलीस यांनी तेथे पुष्पचक्रे वाहिली. त्या उद्यानाच्या ग्रंथगृहांत आयरिश स्मृतिनोंदींचे आठ खंड ठेविलेले आहेत. हॅरी क्लार्क या चित्रकाराने त्यांच्या पानांस नक्षीदार चौकटी काढून दिल्या, आणि त्यांत एकोणपन्नास हजारांहून अधिक नावे आहेत. ती सर्व मेलेल्यांची. घरी आलेल्यांची यादी त्यांत नाही.